संसर्गरोगांच्या प्रशिक्षणात वाचनापलीकडे शिकायचं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय, पुढे संसर्गरोगांत स्पेशलायझेशन करायचं मनात आहे. पण युनिटमधले वरिष्ठ म्हणतात की या शाखेत हाताने करण्यासारखं काही नाही, ना एंडोस्कोपी, ना अँजिओग्राफी. पुस्तक आणि ताज्या मार्गदर्शक सूचना वाचल्या की कुठलाही फिजिशियन हे काम करू शकतो. मग त्यासाठी दोन-तीन वर्षं कशाला घालवायची? आणि घालवायचीच तर जागा कशी निवडायची?

तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं अगदीच चूक नाही. कोणत्या जंतूवर कोणतं औषध, किती मात्रेत, हे आज कोणालाही दोन मिनिटांत सापडतं, आणि ते सापडायलाच हवं. पण गेली वीसेक वर्षं हे काम करताना तेवढाच प्रश्न असलेला रुग्ण मला फार क्वचित भेटला आहे. बहुतेक वेळा दुसऱ्या युनिटने मत मागायला पाठवलेल्या रेफरन्सच्या कागदावर एक प्रश्न असतो आणि खाटेवर दुसराच. तो दुसरा प्रश्न ओळखायला शिकायचं, यासाठी ही वर्षं असतात. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा समजून घेते: ज्या शाखेतलं कसब डोळ्यांना दिसत नाही, ते आपल्यात तयार होतंय की नाही हे कळणार कसं, आणि कोणत्या जागी ते तयार होतं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आपण दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे जिथे शेवटपर्यंत पाहायला मिळतं, तिथे चांगला संसर्गरोगतज्ज्ञ घडतो. रुग्णालय किती मोठं, यंत्रं किती नवी, दुर्मिळ केसेस किती येतात, हे सगळं त्याच्या मागून येतं.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रशिक्षण कुठे दोन वर्षांचं असतं, कुठे तीन, आणि काही ठिकाणी मायक्रोबायोलॉजीला जोडून त्याहून लांबचं. काही विभागांना स्वतःच्या खाटा असतात. काही विभाग फक्त सल्ला देतात, रुग्ण दुसऱ्या युनिटचा. एखाद्या केंद्रात अवयव प्रत्यारोपणाचे आणि रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त, दुसरीकडे क्षयरोग, एचआयव्ही, मलेरिया. पुढे तुम्ही जिथे काम कराल तिथे कोण येणार, त्यावर यातलं काय तुमच्या उपयोगाचं ते ठरेल. प्रत्यारोपणाच्या केंद्रात शिकलेल्याची नजर मलेरियाच्या स्लाइडवर बसलेली नसते, आणि उलटही तेवढंच खरं. ही उणीव नंतर भरून काढता येते. सल्ला देऊन पुढच्या खाटेकडे वळायची सवय एकदा लागली, की ती सुटणं मात्र फार अवघड जातं.

आता एक प्रसंग सांगते. मी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात होते. रेफरन्स आला: ‘रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हातावरच्या सलाइनच्या जागी सूज होती ती ओसरली, ताप उतरला आहे. तोंडावाटे काय देऊन घरी सोडू?’ मी फाइल नीट वाचली. मधुमेह, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, दुसरं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) स्वच्छ, इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. चौदा दिवस शिरेतून औषध द्यावं, असा सल्ला मनात तयार होता. माझ्या वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्यांना उठून बसायला सांगितलंस का?”

आम्ही परत खाटेपाशी गेलो. गृहस्थांनी आधी खाटेचा कठडा धरला, मग कुशीवर वळले, मग कोपरावर जोर देऊन हळूहळू वर आले. तेवढ्यात कपाळावर घाम आला होता. कंबर दुखते का विचारलं तर म्हणाले, “ती काय, पडून पडून धरलीय.” सरांनी मानेपासून एकेक मणका मुठीने हलकेच ठोकत खाली आणला. कमरेच्या खालच्या भागात हात पोचला आणि त्यांनी श्वास रोखून धरला. त्याच संध्याकाळी एमआरआय झाला. दोन मणक्यांमधली चकती जंतूंनी धरलेली होती आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साचायला सुरुवात झाली होती. चौदा दिवसांचे सहा आठवडे झाले. चौदा दिवसांवर घरी गेले असते तर काही आठवड्यांनी कदाचित पायातली ताकद गमावून परत आले असते.

आता यातला नियम पुस्तकात आहेच. स्टॅफ ऑरियस रक्तात सापडला की तो कधीही किरकोळ समजायचा नाही. कल्चर स्वच्छ येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठवायचं. दिवस पहिल्या स्वच्छ कल्चरपासून मोजायचे. हृदयाच्या झडपा, मणके, सांधे, शरीरात बसवलेली कुठलीही वस्तू यांचा शोध घ्यायचा. गुंतागुंत नसेल तरी किमान १४ दिवस आणि असेल तर ४ ते ६ आठवडे. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर व्हॅन्कोमायसिनपेक्षा सेफॅझोलिनसारखं बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध, चांगलं. हे सगळं मला पाठ होतं. पण ‘शोध घ्यायचा’ या दोन शब्दांचा अर्थ म्हणजे त्या माणसाला उठून बसायला सांगणं, हे मला त्या दिवशी कळलं. या एका आजारात संसर्गरोगतज्ज्ञाने रुग्ण पाहिला तर मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं, असं अनेक ठिकाणच्या निरीक्षणांतून पुढे आलेलं आहे. फोनवर दिलेल्या सल्ल्यापेक्षा खाटेजवळ जाऊन दिलेल्या सल्ल्याचे परिणाम चांगले असतात, हेही दिसलं आहे. जागा निवडताना हे लक्षात ठेवा. जिथे बहुतेक रेफरन्स संगणकावर फाइल बघूनच निकालात निघतात, तिथे काम भरपूर होईल, शिकणं कमी.

इतिहास घेण्याचंही तसंच. आपल्याला वाटतं की ते एमबीबीएसलाच झालं. पण संसर्गरोगातला इतिहास म्हणजे तारखा. ताप नेमका कधी सुरू झाला, आणि त्याच्या आधी किती दिवसांपूर्वी हा माणूस कुठे होता, कोणत्या पाण्यात उतरला, कोणत्या जनावरांजवळ होता, कच्चं दूध प्याला का, कोणाच्या आजारपणात सेवेला होता. डेंग्यूचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून ताप येईपर्यंतचा काळ, दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. म्हणजे डेंग्यू असलेल्या भागातून परतल्यावर तीन आठवड्यांनी सुरू झालेला ताप डेंग्यूचा नाही, हे एकाही तपासणीशिवाय सांगता येतं. फाल्सिपॅरम मलेरिया बहुतेकदा महिन्याच्या आत दिसतो, पण व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार यकृतात दडून महिन्यांनीही डोकं वर काढतो. जनावरांकडून आणि कच्च्या दुधातून येणाऱ्या ब्रुसेला या जंतूला आठवडे लागू शकतात, कधी महिनेही. कागदावर आडवी रेघ ओढून त्यावर तारखा मांडायची सवय मला एका वरिष्ठ बाईंनी लावली, ती आजही आहे. निम्मे आजार त्या रेघेवरच गळून पडतात.

निदान न होणाऱ्या तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ मध्ये केली: ३८.३ अंश सेल्सियसच्या वर अनेकदा गेलेला, तीन आठवड्यांहून अधिक चाललेला, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला ताप. तपासण्या आता कितीतरी वाढल्या आहेत, पण अशा रुग्णाच्या बाबतीत मी आजही पहिलं काम तेच करते: फाइल बाजूला ठेवून सगळा इतिहास पुन्हा पहिल्यापासून विचारते आणि डोक्याच्या कातडीपासून तळपायापर्यंत पुन्हा तपासते. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, त्याची काळी खपली बहुतेकदा काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली असते, आणि ती स्वतःहून कोणी दाखवत नाही. ती दिसली की चारचौघांनी आठ दिवस केलेल्या तपासण्यांचं काम डॉक्सिसायक्लिनच्या एका चिठ्ठीवर येतं.

आता सल्ल्याचा शेवट पाहण्याबद्दल इतक्या आग्रहाने का सांगते, ते माझ्याच चुकीतून सांगते. मांडीच्या हाडात धातूची पट्टी बसवलेला एक तरुण होता, जखमेतून पू येत होता. जंतू सापडला, औषध ठरलं, सहा आठवड्यांचा आराखडा मी लिहिला. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘शक्य असल्यास इम्प्लांट काढण्याचा विचार व्हावा.’ सर्जनना फोन केला नाही. दहा-बारा दिवसांनी तो घरी गेला आणि माझ्या यादीतून त्याचं नाव निघालं. तीन महिन्यांनी जेवताना एक सहकारी सहज म्हणाला की पट्टीवाला तो मुलगा पुन्हा भरती झालाय, हाड आता आणखी खराब आहे.

धातूवर जंतूंचा थर बसतो. त्या थरातले जंतू संथ जगतात, औषध त्यांना दाबून ठेवतं पण संपवत नाही. हे मला पाठ होतं, तरी त्या उपचारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी शेवटच्या ओळीत ‘शक्य असल्यास’ म्हणून लिहिली होती. ती ओळ सर्जनच्या डोळ्यांखालून गेलीच नव्हती. आणि तो सहकारी त्या दिवशी बोलला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं. मी समजत राहिले असते की तो बरा झाला. या विचाराने मी तेव्हा बरेच दिवस अस्वस्थ होते. मग एक वही केली. प्रत्येक गंभीर रुग्णासाठी चार रकाने: मला काय वाटलं, मी काय सुचवलं, प्रत्यक्षात काय केलं गेलं, नव्वदाव्या दिवशी रुग्ण कसा आहे. वर्षभराने ती वही चाळली तेव्हा मला माझ्या विचारातल्या खोडी दिसल्या. फुफ्फुसातल्या सावल्यांना मी फार लवकर बुरशी म्हणत होते. पोटातल्या गळवांचा निचरा होईल असं गृहीत धरत होते आणि तो अनेकदा होतच नव्हता. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

हृदयविकारतज्ज्ञाने स्टेंट बसवला की त्याला रक्त वाहताना तिथेच दिसतं. आपला निकाल आठवड्यांनी येतो, दुसऱ्याच कोणाच्या ओपीडीत येतो, आणि आपण शोधायला गेलो नाही तर येतच नाही. म्हणून प्रशिक्षणात स्वतःची फॉलो-अप ओपीडी असणं अगदी आवश्यक आहे. वॉर्डात सल्ला दिलेले रुग्ण त्याच प्रशिक्षणार्थीकडे परत आले पाहिजेत. औषधामुळे मूत्रपिंड बिघडलं का, लिनेझोलिड दोन आठवड्यांपलीकडे गेल्यावर प्लेटलेट्स उतरल्या का, रिफाम्पिसिन सुरू केल्यावर रक्त पातळ करणारी गोळी निकामी झाली का, हे सगळं त्या ओपीडीतच भेटतं.

प्रयोगशाळेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण मी त्याला फार वजन देते. किमान दोन-तीन महिने तरी बेंचवर बसायला मिळायला हवं, आणि बसणं म्हणजे निकाल ऐकणं नव्हे. पहाटे यंत्र एखादी ब्लड कल्चरची बाटली वाढ झाली म्हणून दाखवतं. तंत्रज्ञ त्यातला थेंब काचेवर घेतात, उष्णता देऊन चिकटवतात, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलची धार, मग लाल रंग. हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी १८८४ मध्ये मांडलेली ही रीत मुळात अजून तशीच आहे, लाल रंग तेवढा नंतर जोडला गेला. अल्कोहोलची धार दोन-चार क्षण जास्त चालली तर जांभळे जंतू लाल दिसतात आणि चुकीचा फोन जातो. हे एकदा स्वतःच्या हातून घडलं की पुढे अहवाल वाचताना ‘स्लाइड कोणी आणि कशी बघितली?’ असं आपसूक विचारलं जातं.

बेंचवर बसल्यावरच कळतं की प्रौढांच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं असतं आणि वॉर्डातून कित्येकदा तीन येतं. मग ‘कल्चर निगेटिव्ह’ या शब्दांवर किती विसंबायचं ते ठरतं. चारपैकी एकाच बाटलीत त्वचेवरचा कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ वाढला तर बहुतेकदा तो रक्त काढताना शिरलेला असतो, चारही बाटल्यांत वाढला तर गोष्ट वेगळी. कँडिडा ही बुरशी मात्र रक्तात एकाच बाटलीत दिसली तरी ती खरीच मानायची, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) काढायची आणि डोळे तपासायला सांगायचं. आणि अहवालातला ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द! एंटेरोबॅक्टर सुरुवातीला सेफ्ट्रायॅक्सोनला सेन्सिटिव्ह दिसतो आणि उपचार चालू असतानाच प्रतिरोधक होऊ शकतो. डॅप्टोमायसिनला सेन्सिटिव्ह असलेला जंतू न्यूमोनियात त्या औषधाला जुमानणार नाही, कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट त्या औषधाला निष्प्रभ करतं. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं ठीक, मूत्रपिंडाला जंतूंनी धरलं तर नाही. अहवाल काचेच्या ताटलीबद्दल बोलतो, आपल्याला शरीराच्या कोपऱ्याबद्दल विचार करावा लागतो.

आणखी एक, हे मला मनापासून वाटतं म्हणून सांगते: ब्रुसेलाची शंका असेल तर नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागण देणाऱ्या जंतूंत तो अग्रभागी आहे. उघड्या बेंचवर ताटली हुंगून पाहणाऱ्या माणसाची काळजी ही आपलीही जबाबदारी आहे.

इथवरचं थोडक्यात पुन्हा सांगते: रुग्णाजवळ जाऊन प्रश्न नव्याने मांडणं, सल्ल्याचा शेवट शोधणं, आणि अहवालामागची प्रयोगशाळा ओळखणं. वाचून न येणाऱ्या गोष्टींतल्या या तीन मोठ्या. चौथी म्हणजे थांबवण्याचं धाडस, आणि मला वाटतं शिकवायला सगळ्यात कठीण तीच आहे.

औषध सुरू करायला भीती पुरते. थांबवायला खात्री लागते, आणि ती पुराव्यातून येते तशीच सोबतीतूनही येते. पुरावा आता भरपूर आहे. पोटातला संसर्ग, जिथे स्रोत नीट काढून टाकला आहे, तिथे सुमारे चार दिवसांचं औषध जास्त दिवसांच्या औषधाइतकंच चाललं, हे २०१५ च्या चाचणीत दिसलं. रक्तातल्या जंतुसंसर्गात सात दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, हे ३,६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीने २०२४ मध्ये दाखवलं, मात्र त्यात स्टॅफ ऑरियसचे रुग्ण वगळले होते, हे विसरू नका. हाडासांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे शिरेतूनच औषध हवं हा जुना आग्रह २०१९ मध्ये हजारावर रुग्णांच्या चाचणीने सैल केला. निवडक रुग्णांत गोळ्या तेवढ्याच चालल्या. हे आकडे पाठ असूनही, रात्री दोन वाजता रक्तदाब डळमळणाऱ्या रुग्णाचं मेरोपेनेमसारखं जड प्रतिजैविक उतरवा असं आयसीयूत सांगताना पोटात गोळा येतो. चांगला शिक्षक अशा वेळी ‘उतरव, आणि सकाळी सहाला आपण दोघं त्याला पाहू’ असं म्हणतो, आणि सहाला खरंच येतो. थांबवायला मी अशाच एका माणसाच्या सोबतीने शिकले.

यातच पेनिसिलिनच्या अॅलर्जीची नोंद तपासणं येतं. लहानपणी कधीतरी पुरळ आलं, आईने सांगितलं, आणि ती नोंद जन्मभर फाइलवर चिकटली. अशा लोकांची रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊहून अधिक जणांना पेनिसिलिन चालतं. ती नोंद पुसल्यामुळे त्या माणसाला पुढच्या प्रत्येक आजारपणात चांगलं औषध मिळतं. प्रशिक्षणार्थींना हे काम कमी प्रतीचं वाटतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

‘हाताने करायचं काही नाही’ याचंही उत्तर देते. क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीने धरलेल्या, रुग्णाला कंबरेतून सुई घालून मॅनोमीटर लावा. मेंदूभोवतीचं पाणी नळीत चढत जातं, पंचवीस सेंटिमीटरची खूण ओलांडतं, कधी चाळीसच्या वर जातं. दाब मोजत हळूहळू पाणी काढलं की आतापर्यंत डोकं गच्च धरून बसलेला माणूस खाटेवरच डोळे उघडून बोलायला लागतो. बुरशीवरचं औषध पुढे काम करेलच, पण त्या दिवशी जीव वाचवणारी गोष्ट ती सुई असते आणि ती गरज लागेल तशी रोजसुद्धा घालावी लागते. शिवाय या रुग्णाला एचआयव्ही असेल तर त्याची औषधं लगेच नाही, चार ते सहा आठवड्यांनी सुरू करायची. इथे घाई जिवावर बेतते. कधी हात चालवायचा आणि कधी आवरायचा, हे दोन्ही एकाच रुग्णात शिकायला मिळतं.

स्वतःचं रक्षण हेही हाताचंच कसब आहे. संरक्षक पोशाख घालणं सोपं. धोका तो काढताना असतो. बाह्या उलट्या करत, हातमोज्यांच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श न होऊ देता, प्रत्येक टप्प्यावर हात निर्जंतुक करत, समोर एक जण पाहत उभा असताना. २००३ मध्ये सार्स ओळखून जगाला वेळेवर सावध करणारे कार्लो उर्बानी त्याच आजाराने गेले. त्यांची आठवण मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण या कामात धैर्य लागतं आणि ते शिस्तीशिवाय पुरत नाही. जिथे मास्कची फिट टेस्ट न करता प्रशिक्षणार्थींना क्षयरोगाच्या वॉर्डात पाठवतात, तिथे जाण्याआधी दोनदा विचार करा.

दुसऱ्याला पटवणं याबद्दल फार लिहीत नाही, पण त्यावरच सगळं अडतं. आपला सल्ला दुसरा डॉक्टर अंमलात आणणार असतो. महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत, कारणासकट, आणि ती तातडीची असेल तर फोनवर, शक्यतो समोर जाऊन. पट्टीवाल्या त्या मुलानंतर मी शस्त्रक्रियेबद्दलचा एकही सल्ला नुसता लिहून सोडलेला नाही.

आणि एचआयव्हीची ओपीडी. १९८१ मध्ये या आजाराच्या पहिल्या नोंदी आल्या तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. आज व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून विषाणू जोडीदाराला जात नाही, हे आपण खात्रीने सांगू शकतो. हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. एका बाईंनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, मग बाहेर जाऊन नवऱ्याला आत बोलावलं आणि म्हणाल्या, “आता यांना सांगा.” वर्षानुवर्षं एकाच रुग्णासोबत चालण्याची सवय या ओपीडीत लागते, नुसते वॉर्डातले रेफरन्स करून ती लागत नाही.

आता जागा निवडण्याचं. मुलाखतीला किंवा भेटीला जाल तेव्हा विभागप्रमुखांपेक्षा शेवटच्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थीशी बोला. त्यांना विचारा: गेल्या महिन्यात तुमचा कोणता सल्ला चुकला, आणि तो चुकला हे तुम्हाला कसं कळलं? चांगल्या जागी समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग एक खरा रुग्ण सांगतो. जिथे या प्रश्नाने माणूस गोंधळतो, तिथे चुका शोधायची पद्धतच नाही. दिवसाला नवे रेफरन्स किती, तेही विचारा. दोन-तीन असतील तर अनुभव तोकडा, पंधरा-वीस असतील तर कुठल्याच रुग्णाकडे दुसऱ्यांदा जायला होणार नाही. मायक्रोबायोलॉजीच्या लोकांसोबत रोजचा राउंड होतो का, आणि तुम्ही सुचवलेलं औषध बदलायला कोणी हरकत घेतली तर वरिष्ठ तुमच्या पाठीशी उभे राहतात का, हेही. मोठं नाव असलेलं रुग्णालय आणि ही उत्तरं देणारं छोटं रुग्णालय यांत निवड करायची वेळ आली तर मी छोटं निवडेन. संशोधनातच पुढे जायचं पक्कं असेल तर मात्र तोल मोठ्या केंद्राकडे झुकेल. तिथे मार्गदर्शक आणि नमुने दोन्ही मिळतात.

तुमचं शिक्षण संपायला काही महिने आहेत, ते वाया घालवू नका. तुमच्याच वॉर्डातले रक्तात जंतू सापडलेले पुढचे दहा रुग्ण घ्या, त्यांची चार रकान्यांची नोंद ठेवा आणि परवानगी घेऊन नव्वदाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. सकाळी राउंडच्या आधी अर्धा तास प्रयोगशाळेत जा आणि त्या दहांच्या स्लाइड स्वतः पाहा. दहावा फोन होईपर्यंत ही शाखा तुमची आहे की नाही, हे माझ्या उत्तरापेक्षा तुम्हालाच जास्त नीट कळलेलं असेल. तरीही मन बसलेलं असेल, तर ज्या दोन-तीन जागा डोळ्यांसमोर आहेत त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक मला पाठवा. ओपीडी कुठे आहे आणि बेंचचे महिने कुठे आहेत, ते आपण एकत्र बघू.